भरतपूर एका दिवसात, सायकलवर: सकाळी घना, दुपारी लोहागड

राजस्थानातल्या भरतपूरला जाणारे आपले लोक मी दोन प्रकारचे बघितलेत. एक म्हणजे मोठ्या लेन्सवाले, हे तीन-तीन दिवस पक्षी अभयारण्यात घालवतात आणि चार-पाच किलोमीटरवरचा लोहागड किल्ला न बघता परत येतात. दुसरे आग्रा-मथुरा-वृंदावन टूरवाले, त्यांना भरतपूर म्हणजे बसच्या खिडकीतून दिसलेला एक बोर्ड. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्या प्रकारातला होतो. दुसऱ्यांदा मामेभावाबरोबर गेलो, त्याला पक्ष्यांमधला चिमणी आणि कावळा सोडून काही कळत नाही पण पेशवाईचा वेडा आहे, मग तहात ठरलं की सकाळ माझी आणि दुपार त्याची, आणि दोन्ही सायकलवरच. त्या एका दिवसात जे शिकलो (आणि त्यानंतरच्या दोन खेपांमध्ये जे सुधारलं) ते नवीन जाणाऱ्यांसाठी नीट लिहून ठेवतोय. सायकलिंगची सवय नसली तरी चालेल, दिवसभरात सगळं मिळून पंचवीस-तीस किलोमीटर होतं आणि रस्ता तळहातासारखा सपाट आहे, चढ म्हणून फक्त किल्ल्याचा एक बुरूज.

सायकलच का, ते आधी. केवलादेव राष्ट्रीय उद्यान, तिथले लोक नुसतं 'घना' म्हणतात, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि आत जिप्सी सफारी वगैरे प्रकार नाही. चालत, सायकलने किंवा रिक्षाने. रिक्षा चांगली असते, रिक्षावाल्यांना पक्षी पाठ असतात, पण रिक्षात बसलं की आपण त्यांच्या तालावर चालतो, आणि चालत गेलं तर गेटपासून केवलादेव मंदिरापर्यंतचे पाच किलोमीटर आणि परत यायचे पाच यातच ऊन चढतं. सायकल मधली. शिवाय सायकल थांबवली की आवाज शून्य होतो, ते सुख वेगळंच.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाहुणे पक्षी तेव्हाच असतात. ज्यांना चित्रबलाकांच्या घरट्यांची वसाहत बघायचीय त्यांनी पाऊस संपता संपता, ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत जावं, तेव्हा पाण्यातल्या बाभळी नुसत्या पक्ष्यांनी लगडलेल्या असतात आणि कलकलाट असा की शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. पण सायकलसाठी तो काळ घामट. मी म्हणेन डिसेंबरचा पहिला आठवडा किंवा फेब्रुवारीचा मधला. डिसेंबर अखेर ते जानेवारी धुकं इतकं पडतं की सकाळी नऊपर्यंत पुढच्या सायकलचं मागचं चाक दिसत नाही, आणि त्या भागातल्या ट्रेन्स तासन् तास लेट होतात. धुक्यातून सारसांचा आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही, ते भारी वाटतं खरं, पण एकच दिवस असेल तर जुगार नको.

पोचायचं कसं

मुंबईहून दिल्लीला कोटा-सवाई माधोपूर-मथुरा अशी जी लाईन जाते तिच्यावरच भरतपूर जंक्शन आहे, गोल्डन टेंपल मेल थांबते. पुण्या-नागपूरकडच्यांनी आग्रा किंवा मथुरेला उतरून बस घ्यावी, आग्र्याहून साधारण ५५ किलोमीटर. आदल्या दिवशी संध्याकाळी पोचाच, कारण सगळा खेळ सकाळच्या पहिल्या दोन तासांचा आहे. राहायचं शहरात नाही, उद्यानाच्या गेटजवळ, सारस चौराह्याच्या आसपास, तिथे स्वस्तातल्या गेस्ट हाऊसपासून महागड्या हॉटेलपर्यंत सगळं आहे. सकाळी थंडीत हायवेवरून रिक्षा शोधत बसण्यापेक्षा दहा मिनिटं चालत गेटवर जाता आलं पाहिजे.

सायकल घेताना (हे नीट वाचा, बाकीचं एकवेळ सोडा)

स्वतःची सायकल ट्रेनने न्यायचा खटाटोप एका दिवसासाठी नकोच. सायकल भाड्याने मिळते, गेटवरही मिळते आणि बाहेरच्या हॉटेल-दुकानांतूनही. आपल्याला दुपारी शहरात जायचंय, तेव्हा हॉटेलमधून किंवा बाहेरच्या दुकानातून घ्या, म्हणजे दिवसभर एकच सायकल राहते आणि परत करायची वेळही आपली. घेतानाच सांगा की किल्ल्यापर्यंत जाणारोय, नंतर वाद नको. ओळखपत्र ठेवून घेतात, आधारच्या ऐवजी दुसरं काही असेल तर ते द्या, त्याचं कारण शेवटी येईल.

आदल्या संध्याकाळीच सायकल ताब्यात घ्या आणि उजेडात बघून घ्या. बहुतेक सायकली म्हणजे दूधवाल्याची असते तशी काळी, जड, गिअर नसलेली, आणि खरं सांगायचं तर या रस्त्याला तीच बरी. बघायचं एवढंच: दोन्ही ब्रेक लागतात का, चाक हाताने फिरवलं तर डगमगतं का, चेन सैल आहे का, हवा किती आहे (अंगठ्याने दाबून, टायर दबायला नको), आणि सीट. सीटचं सगळे विसरतात. पॅडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. पहिल्या खेपेला मी कुठल्यातरी दुकानातून घाईघाईत उचलली, सीट खाली होती आणि नट गंजलेला, वर होईना, म्हटलं सपाट तर आहे, काय होतंय. दुपारी बारा वाजता गुडघे असे बोलायला लागले की किल्ला रद्द केला. दुसऱ्या खेपेला पाना मागून घेतला.

कुलूप मागा, पुढे हँडलला पिशवी किंवा मागे कॅरियर आहे का बघा. आणि पंक्चर. उद्यानात विलायती बाभूळ माजलीय आणि तिचा काटा टायर-ट्यूब दोन्ही पार करतो. आतमध्ये पंक्चरवाला नाही. पंप आणि पॅच असेल तर उत्तम, नसेल तर निदान एवढं करा की मुख्य रस्ता सोडून बांधावर गेलात की सायकल काटेरी झुडपांच्या बाजूने न चालवता मधून चालवा, आणि बाभळीखाली पार्क करू नका. आम्ही केली होती. परतीचे चार किलोमीटर मामेभाऊ सायकल हातात धरून चालला आणि वाटभर सदाशिवरावभाऊंची रसद कशी तुटली ते ऐकवत होता.

अंगावर काय: मातकट-हिरवट रंगाचे कपडे, थरावर थर. पहाटे पाच-सात डिग्री असतं आणि अकराला वीसच्या पुढे जातं, तेव्हा एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन पातळ बरे. हातमोजे घ्याच. आपल्याकडे थंडीत हातमोजे कोण घालतं म्हणून मी नेले नव्हते, हँडल धरून बोटं अशी बधिर झाली की दुर्बिणीची चकती फिरवता येईना.

सकाळ: घना

सूर्योदयाला गेट उघडतं. तुम्ही त्याच्या पंधरा मिनिटं आधी तिकीट खिडकीशी असा. माणसाचं तिकीट, सायकलचे थोडे पैसे वेगळे. दुर्बीण नसेल तर तिथेच भाड्याने मिळते. गाईड हवा का, हा प्रश्न नवीन माणसाला पडतो, माझं मत: पहिलीच वेळ असेल तर दोन तासांसाठी घ्या. तासावर पैसे असतात, त्यांच्याकडे स्वतःची सायकल असते, तुमच्याबरोबर चालवत येतात. दिवसा झोपलेला पिंगळा, रातवा, ढोलीतलं घुबड, अशा गोष्टी तुम्ही जन्मात शोधू शकणार नाही आणि त्यांना रोजचं झाड माहीत असतं. दोन तासांनी राम राम करून पुढे आपल्या आपण हिंडा.

गेटमधून आत गेल्यावर पहिले दीडएक किलोमीटर कोरडं रान लागतं. नवीन माणूस इथे थोडा हिरमुसतो, पाणी कुठंय, पक्षी कुठंयत. इथे हळू चालवा, नीलगाय, चितळ आणि नशिबात असेल तर कोल्हा याच पट्ट्यात दिसतो. मग शांती कुटीरची चौकी येते, आणि ती ओलांडली की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी सुरू होतं. हा रस्ता म्हणजे एक लांबच लांब बांध आहे, डावी-उजवीकडे तळ्यांचे तुकडे पाडलेत, त्यांना ब्लॉक म्हणतात आणि इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, डी ब्लॉक, के ब्लॉक वगैरे. गाईड एकमेकांना भेटले की अशीच बातमी देतात, के ब्लॉक में सारस है साब.

पक्षी ओळखता येत नाहीत म्हणून लाजू नका. सुरुवातीला फक्त मोठे घ्या. पिवळी लांब चोच आणि शेपटीकडे गुलाबी पिसं असलेला तो चित्रबलाक, त्यांची राखाडी-मळकट पिल्लं डिसेंबरमध्येही झाडांवर बसलेली असतात. चोचीच्या मध्ये फट असलेला मुग्धबलाक. पाण्यातून फक्त सापासारखी मान बाहेर काढणारा तो सर्पपक्षी ऊर्फ तिरंदाज, आणि बाहेर येऊन पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. चमच्यासारखी चोच असेल तर चमचाच. मग बदकं: टोकदार शेपटीचं तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, विटकरी रंगाचा चक्रवाक. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, हा हिमालय ओलांडून येतो आणि तोच पुढे आपल्या उजनीच्या पाण्यावर भिगवणलाही उतरतो, तेव्हा पुणेकरांना जुनी ओळख निघाल्यासारखं वाटेल. भिगवणला नाव आणि नावाडी लागतो, इथे रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून दिसतं, हाच फरक.

सारस मात्र वेळ देऊन बघा. महाराष्ट्रात सारस बघायचा तर गोंदिया-भंडाऱ्याकडची भातशेती गाठावी लागते आणि तिथेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. इथे जोडी दिसायची शक्यता बरी असते, पण तीही दरवेळी नाही. आणि सायबेरियन क्रौंच, ज्याच्यासाठी भरतपूर जगभर गाजलं, तो आता विसरा. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर नाही. अजूनही काही जण गेटवर विचारतात, गाईड बिचारे तेच तेच उत्तर देतात.

सायकलवरून पक्षी बघण्याची एक पद्धत आहे, ती लगेच लावून घ्या. पक्षी दिसल्याबरोबर ब्रेक मारू नका, त्या भाड्याच्या सायकलींचे ब्रेक किंचाळतात आणि सगळं उडून जातं. पॅडल मारायचं थांबा, सायकलला आपोआप हळू होऊ द्या, थोडं पुढे जाऊन उतरा, स्टँडवर लावू नका (तो खडाक आवाज!), झाडाला टेकवा, मग मागे वळून बघा. माणूस चालताना दिसला तर पक्षी बिथरतात, सायकलवर सरकत जाणाऱ्याकडे फार लक्ष देत नाहीत, निदान माझा अनुभव तसा आहे. घंटी वाजवायची नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं तर अजिबात नाही. शाळेची सहल मागून आली तर बाजूला थांबून तिला पुढे जाऊ द्या, तिच्यापुढे पळायचा प्रयत्न फसतो.

मुख्य रस्त्यावर सपन मोरी नावाचा नाका येतो, तिथून आडवे बांध फुटतात. वेळ इथेच घालवा, लोकांची गर्दी सरळ मंदिराकडे जाते. बांधावर सायकल न्यायची परवानगी कुठपर्यंत आहे ते त्या दिवशी चौकीवर विचारून घ्या, पाणी आणि मोसमाप्रमाणे बदलतं. थंडीत दहाच्या पुढे ऊन तापलं की अजगर बिळाबाहेर येऊन पडलेले दिसतात, बिळं बहुतेक साळिंदरांची. गाईड दाखवेल तेवढ्याच अंतरावरून बघा.

मंदिराशी पोचलात की नाश्ता. कँटीन आहे, चहा-बिस्किट-मॅगीपुरतं, पण मी हॉटेलातून डबा न्यायचा सल्ला देईन. फक्त डबा उघडताना आजूबाजूला बघा, माकडं तयारच असतात. मंदिर छोटंसं, महादेवाचं, उद्यानाला नाव त्याचंच. शेजारच्या पाण्यात कासवं. आणि तिथल्याच त्या दगडी पाट्या वाचल्याशिवाय निघू नका, त्यावर महाराजांच्या काळात कोण कोण बडे पाहुणे शिकारीला आले आणि किती पक्षी मारले त्याची तारीखवार यादी कोरलीय, जणू देणगीदारांचीच. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी. पहिल्यांदा मी तो आकडा दोनदा वाचला. ज्या बांधांवर आपण सायकल चालवतोय ते शिकारीसाठीच घातलेले बांध आहेत. संस्थानच्या शिकारखान्याचं १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९८५ ला जागतिक वारशाचा शिक्का बसला.

त्या १९८२ चीच एक गोष्ट गाईड सहसा सांगत नाहीत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर आजूबाजूच्या गावांच्या म्हशी आत चरायला बंद केल्या, गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसं गेली. पुढे काय झालं, म्हशी गेल्या तसं पाण्यात गवत इतकं माजलं की उघडं पाणी कमी व्हायला लागलं, आणि मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) जो कित्येक वर्षांचा अभ्यास केला त्यात हेच निघालं की चराई होती तेव्हा गवत आटोक्यात राहत होतं. ज्या पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी हे उद्यान व्हावं म्हणून एवढी खटपट केली त्यांच्याच संस्थेने हे छापलं, मला ते फार प्रामाणिकपणाचं वाटतं. गेटजवळच सलीम अलींच्या नावाचं माहिती केंद्र आहे, परत येताना डोकवा.

अकरा-साडेअकराला बाहेर पडा. तोवर पक्षीही पेंगायला लागतात.

मधली दुपार

हॉटेलवर या, जेवा, तासभर आडवे व्हा. हे आळशीपणाचं वाटेल पण पहाटे साडेपाचला उठून पंधरा किलोमीटर झालेले असतात. चैन म्हणून कोणी गेटबाहेरच्या टपरीवर बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी)-आलूभाजी खाल्ली तर ती सकाळची गोष्ट, दुपारी ती खाऊन सायकल चालवायची हिंमत करू नका. पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्या. हिवाळ्यात गजक सगळीकडे मिळते, खिशात टाका, सायकलवर चघळायला आपल्या चिक्कीइतकीच कामाची.

दुपार: लोहागड

दीड-दोनला निघा. पहिला टप्पा सगळ्यात वाईट. उद्यानाचं गेट आग्रा-जयपूर हायवेच्या अंगाला आहे आणि तिथे ट्रक, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर, ई-रिक्षा, सगळं असतं. हायवेवर शक्य तितकं कमी राहा, चौकात सायकलवरून उतरून चालत रस्ता ओलांडा, यात कसली लाज. शहरात जाणारा रस्ता धरला की वेग आपोआप कमी होतो, सगळ्यांचाच. मॅप बघत बसण्यापेक्षा "किला" म्हणून विचारा, कोणीही सांगतं. जुन्या गावाला कोट होता, तो बराचसा गेला, पण वेशींची नावं वस्त्यांना राहिलीत, मथुरा गेट, अनाह गेट, कुम्हेर गेट, पत्ते अजून तसेच सांगतात.

आता लोहागड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोणावळा, विंचूकाटा, पावसातल्या पायऱ्या. इथे डोंगर सोडा, टेकाड नाही. मैदानात एक रुंद खंदक, त्यात पाणी, आणि पलीकडे जाड तटबंदी. मामेभाऊ पहिल्यांदा म्हणाला, "हा किल्ला? याला इंग्रज हरले?" हो, याला. तटाची ताकद मातीत होती. दगडी भिंतीवर तोफगोळा बसला की दगड ढासळतात, मातीच्या जाड तटात गोळा रुतून बसतो. आणि त्याच्यापुढे पाणी.

ही भानगड आपल्या माणसामुळे झाली म्हणून थोडं सविस्तर. १८०४ च्या शेवटी इंग्रजांनी डीगचा किल्ला घेतला आणि यशवंतराव होळकर भरतपूरच्या रणजितसिंहाच्या आसऱ्याला आले. होळकरांना आमच्या हवाली करा म्हणून जनरल लेक किल्ल्यापुढे येऊन बसला. जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये त्याने चार वेळा हल्ला चढवला, चारही वेळा मार खाल्ला, तीन हजारांहून जास्त माणसं मेली नाहीतर जखमी झाली. एका हल्ल्यात तर खंदकावर टाकायला आणलेले पूलच तोकडे पडले, कारण आतल्यांनी पाणी वाढवून ठेवलेलं. शेवटी तह झाला, किल्ला काही पडला नाही. यशवंतराव तिथून पंजाबकडे गेले, तिथला राजाही रणजितसिंहच, नावांचा घोळ करू नका, मामेभाऊ मला तीनदा समजावून सांगत होता.

सकाळी ज्या पाण्याकाठी आपण बदकं बघितली त्याचा आणि या खंदकाचा धागा इथे जुळतो. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी अडवायला अजान बांध घातला तो सूरजमल राजाने, त्यानेच हा किल्ला उभा केला. घनाच्या तळ्यांत पाणी येत आलं ते या अजान बांधाचं. पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. इंग्रजही शिकले, १८२५ ला दुसऱ्यांदा आले तेव्हा आल्या आल्या मोती झीलचा बांध ताब्यात घेतला, खंदक भरूच दिला नाही, आणि जानेवारी १८२६ मध्ये किल्ला पडला. अलीकडे गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झालं, पाणी वरच अडलं, आणि घनाची तळी सुकायची वेळ आली. आता कालव्यातून आणि चंबळच्या पाइपलाइनने पाणी आणून भागवतात. तेव्हा जायच्या आधी हॉटेलवाल्याला फोन करून एकच प्रश्न विचारा, "इस साल पानी कैसा है?" पाणी चांगलं तर पक्षी चांगले.

किल्ल्यात काय बघायचं: उत्तरेच्या बाजूने अष्टधातू दरवाजातून आत शिरा. हा दरवाजा चित्तोडचा, खिलजीने दिल्लीला नेलेला आणि सूरजमलच्या मुलाने, जवाहरसिंहाने, दिल्ली लुटली तेव्हा इकडे आणला असं सांगतात. आत चक्क गाव नांदतंय, कचेऱ्या आहेत, स्कूटर फिरतात, मुलं क्रिकेट खेळतात, त्यामुळे सायकल आत नेता येते, ही मोठी सोय. संग्रहालय जुन्या महालात आहे, शस्त्रं आणि मूर्ती बघण्यासारख्या, पण सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून ठेवा, आम्हाला एकदा कुलूप बघून परतावं लागलंय. किशोरी महाल बाहेरून बघा. हे नाव लक्षात ठेवा, कारण पानिपत.

पानिपतावर सूरजमल सदाशिवरावभाऊंची साथ अर्ध्यात सोडून गेला हे आपण शाळेत शिकतो. पुढचं कोणी शिकवत नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर जे वाचले, थंडीत, उपाशी, अंगावर कपडा नाही अशा अवस्थेत दक्षिणेकडे निघाले, त्यांना सूरजमलच्या मुलखात अन्न, कपडे, औषधपाणी मिळालं आणि पुढे ग्वाल्हेरकडे सुखरूप पोचवलं गेलं, सूरजमलच्या राणी किशोरीचं नाव यात आदराने घेतात. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर जखमी होऊन इकडेच आला आणि इकडेच वारला. आणि हे करणारा कोण, तर ज्याच्या कुम्हेरच्या किल्ल्याला आपण सातच वर्षं आधी, १७५४ ला, वेढा घातला होता आणि जिथे मल्हाररावांचा मुलगा, अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव तोफेचा गोळा लागून गेला, तोच राजा. मामेभाऊ महालासमोर सायकल धरून बराच वेळ गप्प उभा होता. मीही काही बोललो नाही.

मग जवाहर बुर्ज. सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि वर चालत जा, दिवसातला एकमेव चढ. वर छत्र्या आहेत, रंग उडालेली चित्रं आहेत आणि राजघराण्याची वंशावळ कोरलेला लोखंडी खांब. इथून खंदक, गाव, सगळं दिसतं. उतरती उन्हं इथेच घ्या. खंदकात ढोकरी आणि पाणकोंबड्या फिरत असतात, माझी सकाळची दुर्बीण इथे पुन्हा निघाली.

वेळ उरला तर बाजारातलं गंगा मंदिर. बाहेरून बघायला पाच मिनिटं लागतात, बांधायला जवळपास ९० वर्षं लागली, १८४५ ला काम सुरू झालेलं. दगड बंसी पहाडपूरचा. बाजारात सायकल हातात धरूनच चाला.

अंधार पडायच्या आत परत निघा, म्हणजे हिवाळ्यात पाच वाजता. भाड्याच्या सायकलला दिवा नसतो आणि हायवेवर दिवे नसलेल्या सायकलवाल्याला कोणी विचारत नाही. साधा डोक्याला बांधायचा टॉर्च आणि मागे लाल चिकटपट्टी घरूनच आणा, वजन काही नाही.

एक दिवस जास्त असेल तर दोन पर्याय. फतेहपूर सिक्री आग्रा रस्त्यावर वीसएक किलोमीटर आहे, पण हायवे आहे, नवीन सायकलवाल्याने बसनेच जावं, आणि शुक्रवारी बंद असते. दुसरा पर्याय माझ्या भावाचा आवडता, डीगचे जलमहाल आणि वाटेत कुम्हेर. खंडेरावांची छत्री कुम्हेरजवळ गांगरसोलीला आहे. त्यासाठी रिक्षा किंवा गाडी ठरवा, सायकलने जायचं तर मोठ्या प्रवासाची सवय पाहिजे.

आणि सायकल परत करताना ठेवलेलं ओळखपत्र मागून घ्या. आम्ही पैसे दिले, चहा घेतला, दुकानदाराशी धुक्यावर गप्पा मारल्या, रिक्षा करून स्टेशनवर गेलो, आणि टीसीने आधार मागितलं तेव्हा गाडी मथुरेच्या पुढे गेली होती.